विटणारा निळा

टाकळा आमच्याकडे कुणी पेरत नाही. पहिल्या पावसानंतर तो आमच्या गावात, खांडबाऱ्यात, रुळांलगत, बांधांवर, पडक्या भिंतींच्या कडेला आपणच उगवतो. कोवळा असेपर्यंत बायका त्याची भाजी खुडतात. जून झाला की गुरंही त्याला तोंड लावत नाहीत. पाऊस सरताना त्याला लांब, बारीक, वाकड्या शेंगा येतात. त्या शेंगांतल्या बियांना एके काळी मोल होतं ते निळाऱ्यांच्या घरी. निळारी म्हणजे निळीने सूत-कापड रंगवणारे. पुणे, नगर, सोलापूर या बाजूंना ती एक जातच होती. टाकळ्याचं बी उकळायचं, चुना आणि गूळ घालायचा आणि सगळं निळीच्या कुंडात सोडून झाकून ठेवायचं. कुंड आंबतं, त्याच्यावर तांबूस-निळी साय धरते, उग्र वास सुटतो आणि मग ते रंगवायला तयार होतं.

एवढा खटाटोप लागतो, कारण निळीचा कण पाण्यात विरघळत नाही. गुळीची, म्हणजे निळीची, झुडपं कापून रात्रभर भिजत घालतात. पानांतलं द्रव्य उतरून पाणी हिरवट-पिवळं होतं. मग माणसं हौदात उतरून ते पाणी वल्ह्यांनी, पायांनी झोडपत राहतात. हवा मिसळली की निळा गाळ तळाशी बसतो. तो गाळून, उकळून, दाबून, वाळवून वड्या पाडतात. वडी वर्षानुवर्षं टिकते, समुद्रापार जाते. पण तिच्याने कापडाचा एक धागाही रंगत नाही. प्राणवायू संपलेल्या पाण्यात तिचं क्षपण झालं तरच ती विरघळते. ते काम कुंडातले जिवाणू करतात आणि टाकळ्याचं बी, गूळ हे त्यांचं खाणं. ज्या भाजीवर आमचे आषाढ-श्रावण निघाले, तिच्या बियांवर हा रंग जगत होता, हे मला फार उशिरा कळलं आणि तेव्हापासून या रंगाकडे मी वेगळ्या आपुलकीने पाहते.

आमच्या रानात काळा कुडाही आहे. उन्हाळ्यात पांढऱ्या फुलांनी डवरतो. त्याच्या पानांतूनही गुळीसारखाच निळा निघतो. विल्यम रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञाने अठराव्या शतकाच्या अखेरीस त्यावर लिहिलं आहे आणि दक्षिणेत काही काळ त्याची नीळ बनतही होती. म्हणजे निळा रंग आमच्या भोवती दोन झाडांत, दोन वेगळ्या रूपांत दडून होता. बाहेरचे लोक मात्र नंदुरबार जिल्हा ओळखतात तो लाल रंगावरून, मैदानभर वाळत घातलेल्या मिरच्यांवरून.

कुंडातून कापड बाहेर निघताना मी पहिल्यांदा पाहिलं ते मध्य प्रदेशात, नीमच जिल्ह्यातल्या तारापूरला. जमिनीत पुरलेला खोल माठ, कडेला उकिडवा बसलेला कारागीर. त्याने कापड आत सोडलं, पाण्याखाली हळूहळू चाळवलं. ते पाण्यावर आपटू न देण्याची त्याची काळजी डोळ्यांत भरली. हवेचा बुडबुडा आत गेला तर कुंड बिघडतं. कापड वर आलं तेव्हा ते निळं नव्हतंच. कच्च्या आंब्याच्या सालीसारखं हिरवं होतं. आणि मग आमच्या डोळ्यांदेखत कडांकडून निळेपण चढत गेलं. हा रंग कुंडात लागतो आणि हवेत उमटतो. लाल रंगाला तुरटी लागते, धागा आणि रंग यांना बांधणारं काहीतरी मधे लागतं. निळीला तसं काही नको. ती पाण्यातून धाग्यात शिरते आणि हवा लागताच पुन्हा न विरघळणारी होऊन तिथेच अडकते. एका बुडीत आकाशी, दोन-तीनमध्ये मोरपंखाजवळ जाणारा, आणखी बुडवत गेलं की मध्यरात्रीचा, जवळजवळ काळा. सगळ्या छटा त्याच एका कुंडातल्या. छटा म्हणजे कापड किती वेळा आत गेलं आणि किती वेळा त्याने श्वास घेतला याची नोंद.

नक्षीचंही तसंच. इतर छपाईत ठसा जिथे पडतो तिथे रंग लागतो. निळीच्या दाबू कामात ठसा पडतो तो चिखलाचा. काळी माती, चुना, गोंद आणि किडलेल्या गव्हाचं पीठ यांचा तो लगदा असतो. ओला असतानाच वर लाकडाचा भुसा भुरभुरतात. कापड बुडवून, वाळवून, धुतलं की चिखलाखालचं पांढरं राहिलेलं कापड उघडं पडतं. पहिल्या बुडीनंतर पुन्हा काही भाग चिखलाने झाकला तर तिथे फिका निळा टिकतो आणि भोवती गडद चढत जातो. कारागिराचा हात फक्त तिथे लागतो जिथे रंग जायचा नाही. काय राखून ठेवायचं याचा निर्णय आधी घ्यायचा आणि बाकीचं कुंडावर सोपवायचं, असं हे आरेखन आहे. मला रंगकामाची दुसरी कुठलीच पद्धत इतकी विचारी वाटत नाही.

तारापूरला आणि शेजारच्या उमेदपुऱ्याला जे निळीचं काम होत आलं ते मुख्यतः नांदणासाठी. नांदणा म्हणजे भिल्ल बायकांच्या घागऱ्याचं जाड सुती कापड: गडद निळी जमीन, तिच्यावर आंबा, मिरची, चंपाकळी. राजवाड्यासाठी कुणी हे घडवलं नाही. गिऱ्हाईक होतं शेतात वाकणारं, मोळी वाहणारं, महिनोन्महिने एकच घागरा नेसणारं. मळ दिसू नये म्हणून जमीन गडद, टिकावं म्हणून पोत जाड, आणि सणाला उठून दिसावं म्हणून मिरची लाल-पिवळी. नर्मदेच्या अलीकडे-पलीकडे आमच्या जिल्ह्यातल्या भिल्लांची सोयरीक पसरलेली आहे, म्हणून त्या कापडाकडे पाहताना मला ते परक्याचं वाटलं नाही. आज चित्रप्रदर्शनांत नांदणा काचेआड टांगतात आणि त्याच्या रचनेचं कौतुक करतात. कौतुक रास्त आहे. पण ती रचना एका कष्टकरी बाईच्या दिवसाचा हिशोब मांडून झालेली आहे, हे त्या काचेवर लिहिलेलं नसतं.

आता आमच्या गावावरून गेलेल्या जुन्या रस्त्याबद्दल. सुरत ते बऱ्हाणपूर हा मोगलाईतला मोठा व्यापारी रस्ता नवापूर आणि नंदुरबारवरून जात असे. खांडबारा या दोहोंच्या मध्ये आहे. आग्र्याजवळच्या बयान्याची नीळ त्या काळी जगात सर्वोत्तम मानली जाई, अहमदाबादेजवळच्या सरखेजची तिच्या खालोखाल. इंग्रज आणि डच कंपन्या सुरतेच्या बंदरातून ती युरोपला नेत. नोव्हेंबर १६३० मध्ये पीटर मंडी हा इंग्रज कंपनीचा माणूस सुरतेहून आग्र्याला निघाला तो याच वाटेने. तो मोठ्या दुष्काळाचा काळ होता. नंदुरबारला पोचला तेव्हा तंबू ठोकायला प्रेतांवाचून रिकामी जागा मिळेना, असं त्याने नोंदवून ठेवलं आहे. शाहजहानची छावणी तेव्हा बऱ्हाणपुरात होती आणि धान्य तिकडे चाललं होतं. १६३३ साली हाच मंडी आग्र्याहून निळीचा काफिला घेऊन परतला, दुसऱ्या वाटेने. मंडीच्या त्या नोंदींचा विचार मनात आला की निळा रंग मला नुसता शांत, शीतल वाटत नाही.

पुढे फ्रेंच जवाहिऱ्या टॅव्हर्निए याच रस्त्याने गेला. त्याचं प्रवासवर्णन १६७६ साली छापलं गेलं. नवापूर हे विणकरांनी भरलेलं मोठं गाव, असं तो सांगतो, आणि तिथल्या बारीक, शुभ्र, कस्तुरीच्या वासाच्या तांदळाची मनापासून स्तुती करतो. (नवापूर तालुक्यात भात अजून होतं, आणि आम्हाला त्याचा अभिमान आहे.) निळीबद्दलही त्याने लिहिलंय. नीळ चाळणारे मजूर तोंडावर फडकं बांधत, नुसते डोळे उघडे ठेवत, वरचेवर दूध पीत. तरी आठ-दहा दिवस काम केलं की त्यांची थुंकी निळी होई. सकाळी चाळणाऱ्यांजवळ अंडं ठेवलं आणि संध्याकाळी फोडलं तर ते आतून निळं निघे, असंही तो म्हणतो. अंड्याची गोष्ट मला खरी वाटते. तीनशे-साडेतीनशे वर्षांत निळीवर जे लिहिलं गेलं, त्यात माणसाच्या छातीत काय जातं हे इतक्या थोड्या शब्दांत सांगणारं दुसरं काही माझ्या वाचनात नाही.

ही नीळ युरोपच्या डोळ्यांत इतकी मुरली की न्यूटनने १७०४ सालच्या आपल्या प्रकाशावरच्या ग्रंथात इंद्रधनुष्याचे सात रंग सांगताना निळ्या आणि जांभळ्याच्या मधे तिला स्वतंत्र जागा दिली. पोरं शाळेत तानापिहिनिपाजा पाठ करतात तेव्हा त्यातल्या ‘पा’पाशी, म्हणजे पारव्यापाशी, मी थांबते.

खानदेशात नीळ होत होती. यावल तालुक्यातलं फैजपूर सुती छापकामासाठी, निळीच्या आणि लाखेच्या रंगासाठी नावाजलेलं होतं, अशी नोंद इंपीरियल गॅझेटिअरात सापडते, आणि तीही भूतकाळात. बंगालातल्या रयतेने १८५९ मध्ये निळीच्या मळेवाल्यांविरुद्ध बंड केलं. १९१७ साली गांधीजी चंपारणला गेले ते याच पिकाच्या सक्तीसाठी. पण खरा घाव घातला जर्मनीने. अडोल्फ फॉन बायर याने निळीची रचना १८८३ मध्ये उलगडली आणि १८९७ मध्ये बीएएसएफ कंपनीने कारखान्यातली नीळ बाजारात आणली. त्याच सुमाराला ताप्ती खोऱ्यातून रेल्वे येत होती, आमच्या गावाला स्टेशन मिळत होतं. फैजपूरला डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं, नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या गावच्याच सामानातून त्याची सजावट केली. खादीधारी पुढारी ज्या गावात जमले, त्याच गावाचा निळीचा लौकिक तोवर जुनी गोष्ट झाला होता.

कारखान्यातली नीळ खोटी, असं मात्र मी म्हणणार नाही. रेणू तोच आहे. खांडबाऱ्याच्या आठवडे बाजारात दोरीवर टांगलेली जीन्स पँट रासायनिक अर्थाने अस्सल निळीची आहे. मुंबईच्या डोंगरीला विकल्या जाणाऱ्या जाड निळ्या कापडावरून इंग्रजीत कामगारांच्या कपड्याला ‘डंगरी’ हे नाव पडलं, तेव्हापासून हा कष्टाचा पोशाख आहे. डेनिममध्ये उभा धागा निळा, आडवा पांढरा. उभ्या धाग्यालाही पुन्हा पुन्हा चटकन बुडवून काढतात, म्हणजे नीळ वरच्या थरातच राहते, गाभा पांढरा. त्यामुळे कापड घासलं जाईल तसतसा पांढरा वर येतो. जिथे गुडघा वाकतो, जिथे खिशात मोबाईल असतो, जिथे बसणं-उठणं होतं, तिथे. दोन माणसांनी एकाच ठाणाच्या दोन पँटी वर्षभर वापरल्या तर त्या दोन वेगळ्या वस्तू होतात. कारखान्याने अर्धीच केलेली नक्षी अंगावर पुरी होते.

आणि हेच विकत घेता यावं म्हणून जगाने काय केलं? कापड दगडांनी धुतलं, रसायनांनी खाल्लं, वाळूच्या झोताने घासलं. ती वाळू ज्यांच्या फुफ्फुसांत गेली ते तुर्कस्तानातले तरुण कामगार सिलिकोसिसने मेले, तेव्हा २००९ मध्ये त्या देशाने वाळूच्या झोतावर बंदी घातली. टॅव्हर्निएच्या अंड्यापासून इथवर सरळ वाट येते. सुरतेहून सुट्टीला आलेली आमची पोरं गुडघ्यावर फाटलेल्या, मांडीवर विटलेल्या पँटी घालून गाडीतून उतरतात. ते विटणं त्यांनी कमावलेलं नसतं, दुकानातून आणलेलं असतं. त्यांची स्वतःची झीज यंत्रमागावर दुसरीकडेच चाललेली असते.

एक निळा मात्र विटत नाही. माझ्या आजीच्या कपाळावर, हनुवटीवर, मनगटांवर गोंदण होतं. यात्रेत आता यंत्राने गोंदतात, तिच्या वेळी सुया होत्या. त्यात नीळ मुळीच नव्हती. काजळी होती, आणि काजळी तर काळी. ती कातडीखाली गेली की निळी-हिरवी दिसते, कारण प्रकाश कातडीतून जाताना निळा भाग अधिक विखरून परत येतो. सातपुड्याच्या दूरच्या रांगा निळ्या दिसतात त्या याच कारणाने: मागे काळोखं काहीतरी आणि मधे प्रकाश विखरणारा पडदा. आजी म्हातारी होत गेली तसे तिचे ठिपके पसरले, रेषा जाड झाल्या, पण गेल्या नाहीत. नीळ कापडाच्या वर बसते आणि झिजत जाते. गोंदण आत बसतं आणि अंगाबरोबर वय घेतं. दोन्हींमध्ये वेळ दिसतो. सपाट, न बदलणारा, पडद्यावर आकड्याने मागवता येणारा निळा मला पुरत नाही तो एवढ्यासाठी.

चौदा एप्रिलला आणि सहा डिसेंबरला, डॉ. आंबेडकरांच्या जयंतीला आणि स्मृतिदिनी, नंदुरबारात जो निळा दिसतो त्याचं बळ वेगळं आहे. त्यांच्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनची स्थापना १९४२ मध्ये नागपुरात झाली, तिचा झेंडा निळा होता. तो निळा विटू नये अशीच प्रत्येकाची इच्छा असते, आणि ती बरोबर आहे.

माझी भाची अहमदाबादला वस्त्रकला शिकते. गेल्या हिवाळ्यात ती स्वतः बुडवलेल्या काही जाड सुती ओढण्या घेऊन आली आणि म्हणाली, “मावशी, बाजारात बसू या. ज्यांच्यासाठी करायचं त्यांना विचारायला नको?” आम्ही ओळखीच्या कापडवाल्याशेजारी पथारी टाकली. बायका थांबल्या, हात लावून पाहिला, उलटी बाजू पाहिली. एकीने बोट ओलं करून कापडावर चोळलं आणि बोट आमच्यापुढे धरलं. निळं झालं होतं.

“विटेल?”

“विटेल,” भाची म्हणाली. “पण छान विटेल.”

त्या बाईने ओढणी घडी घालून परत ठेवली. विटकं नेसून आयुष्य गेलं, आता विकत घेऊन कशाला विटकं नेसू, असं तिने विचारलं, रागाने नाही, समजावून सांगावं तसं. तिच्या अंगावर सुरतेची साडी होती, पोपटी, टवटवीत. भातलावणीत भिजली तर तासाभरात वाळते, वजनाला हलकी, दहा पावसाळ्यांत रंग जात नाही. नांदणा मागे पडला तो याच कापडापुढे, आणि त्यात बायकांची हौस होती, सोय होती. विटण्याच्या सौंदर्यावर मी इथवर जे लिहिलं, ते या बाईसमोर तपासून पाहायला हवं. जिच्याकडे दुसरं लुगडं नव्हतं तिच्यासाठी विटणं म्हणजे गरिबी चारचौघांत दिसणं. ज्याच्या कपाटात दहा कपडे आहेत त्यालाच अकराव्याचं विटणं देखणं वाटतं.

तरी माझं म्हणणं मी सोडत नाही. जुन्या व्यवस्थेत कापड विटलं की संपत नसे. ते पुन्हा रंगाऱ्याकडे जाई. निळीला मधला बांधणारा पदार्थ लागत नसल्यामुळे विटलेल्या कापडावर ती परत तशीच चढते, जुन्या थरावर नवा थर. आपण नीळ ठेवली आणि ती पुन्हा बुडवणारा माणूस घालवला. विटण्याची लाज तिथून सुरू झाली, असं मला वाटतं. कपड्याच्या किमतीतच पुढच्या दोन बुडी धरलेल्या असत्या, तर त्या बाईचं उत्तर कदाचित वेगळं आलं असतं.

मी हे त्याच रात्री भाचीला सांगितलं. ती पुढच्या वेळी आली तेव्हा प्रत्येक ओढणीच्या कोपऱ्यात तिने पांढऱ्या दोऱ्याने धावदोरा घालून दोन छोट्या चौकटी काढल्या होत्या. एकदा पुन्हा रंगवली की एक दोरा उसवायचा. पहिल्या वेळची बाई भेटली नाही. दुसरी एक, मिरच्या विकायला बसलेली, बराच वेळ ऐकत होती. दोन वेळा फुकट? हो. नवीनसारखी होईल? नवीनपेक्षा गडद होईल. तिने ओढणी खांद्यावर टाकून पाहिली, किंमत पाडून मागितली, आणि मग विचारलं, “रंगवायला आणायची कुठे? सुरतेला?”

भाचीने माझ्याकडे पाहिलं. आमच्या परसात विहिरीजवळ, शेवग्याखाली जागा आहे. “इथेच,” मी म्हटलं, “पण पावसाळा संपू द्या.”